सुपातल्या बारा बिड्या

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते मला आजही कळत नाही. चौथीपर्यंत बाईंनी हातावर पट्टी मारून जे शिकवलं तेवढंच. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर, भावाच्या जुन्या पुस्तकांत, आणि लग्नानंतर सडक अर्जुनीच्या वाचनालयातून पदराखाली आणलेल्या पुस्तकांत झालं. वाचत राहिलं की वाचता येतं. लिहायला मात्र हात वळावा लागतो, आणि माझा हात बिडीसाठी वळला. ही वही माझ्या भाचीची, रियाची. दिवाळी करून पुण्याला जाताना ती इथेच विसरली. पहिल्या दहा-बारा पानांवर तिने नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ती कोडी उतरवली आहेत, पुढची पानं कोरी आहेत. ती कोडी मी वाचली आणि मला इतका राग आला की भाजी करपली. पंचवीस-सव्वीस वर्षांत मी हे सगळं पहिल्यापासून कोणाला सांगितलेलं नाही. बोलण्याचं मला कधी जमलंच नाही. माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते. कोणी वाचावं म्हणून नाही.

आमचं घर गोंदियाकडच्या बोदलकशा तलावाच्या अलीकडच्या एका गावात. पुढे छपरी म्हणजे ओसरी, मागे बाडी म्हणजे भाजीचं परस, मधे दोन खोल्या. सकाळी पहिला आवाज बाच्या खाकरण्याचा, मग मायच्या उखळाचा, मग माझ्या कात्रीचा. तेंदूची पानं रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असत. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, बोटाने टोक दाबायचं, दोरा बांधायचा. पंचवीस बिड्यांची एक जुडी. संध्याकाळी ठेकेदाराचा मुन्शी यायचा, जुडी हातात घेऊन वजन करतो तशी हलवायचा आणि चांगल्या बिड्यासुद्धा छाट म्हणून वेगळ्या काढायचा. त्या छाटलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत, पण बिड्या मात्र त्याच्या पिशवीत जात. घरात तंबाखूचा वास इतका मुरला होता की लाखोळीच्या डाळीलाही तोच यायचा. मोरूभाऊ जेवताना नाक मुरडायचा. त्याच तंबाखूवर त्याचं कॉलेज चाललं होतं, हे त्याच्या नाकाला कोणी सांगितलं नसावं.

मोरूभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गावात शाळा चौथीपर्यंत, पाचवीसाठी चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जावं लागे. त्याच्यासाठी सायकल आली. माझी पाचवी आली तेव्हा रस्ता एकदम लांब झाला. त्याच रस्त्याने मी रोज बकऱ्या नेत होते, तेव्हा तो लांब नव्हता. बाई घरी येऊन बाला म्हणाल्या होत्या, पोरगी हिशेबात हुशार आहे. बा म्हणाला, हिशेबाले घरी माणसं आहेत.

त्या माणसांचा हिशेब सांगते. दर वर्षी पावसाळ्याआधी बाडीचं कुंपण व्हायचं. दोन खुंटांमधली जागा म्हणजे एक खण. बा म्हणायचा, दहा खण होतात, दहा खुंट तोड. दर वर्षी शेवटच्या टोकाला एक खुंट कमी पडायचा. तिथे बाभळीचे काटे रोवायचे आणि त्याच फटीतून बकरी आत शिरून वांगी खायची. दहा वर्षांची असताना मी एकदा मायला म्हणाले, खण दहा असले तर खुंट अकरा लागतात, सुरुवातीचा एक जास्तीचा. मायने बाला सांगितलं. बा हसला, आणि त्या वर्षीही दहाच तोडले. बकरीने वांगी खाल्ली, त्याचा मार मला पडला, कारण बकरी माझ्याकडे होती.

भाऊ नागपूरला शिकून इंजिनियर झाला आणि वर्षभर घरी बसला. लेखी परीक्षा पास व्हायचा, मुलाखतीत पडायचा. तिथे कोडी घालतात म्हणायचा. नदीपल्याड जाणारी माणसं, वजनाच्या गोट्या, घड्याळं, टोप्या. नागपुरात कोण्या सरांचा याच कोड्यांचा क्लास होता, फी चार हजार. बाने चारशे काढले. बाकीचे तीन हजार सहाशे कुठून आले ते मला दोन दिवसांनी कळलं. धानाच्या ढोलीमागे चहापत्तीचा एक डबा होता. घरात देऊन उरलेले माझे बिडीचे पैसे मी चार वर्षं त्यात ठेवत होते. मला शिलाई मशीन घ्यायची होती. तिरोड्याच्या दुकानात तिची किंमत विचारायला मी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा न विचारता परत आले होते. डबा उघडला तर आत फक्त तळाला घातलेला कागद. माय म्हणाली, "भाऊले लागत होते. पहिला पगार झाला का देऊन टाकते म्हणला तो." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी दिलेच असते. पण विचारलं नाही. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं उलटीपालटी करून पाहिली, ती कुठूनही पाहिली तरी तशीच दिसते.

क्लास करून तो झेरॉक्सचा एक जाड गठ्ठा घेऊन आला. छपरीतल्या खाटेवर बसून तो कोडी मोठ्याने वाचायचा, मी उंबऱ्यापाशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायचे. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान बंद होत नाहीत. एकदा त्याने वाचलं, नऊ गोट्या, दिसायला सारख्या, एक जड. तराजू दोनदाच वापरायचा, जड गोटी शोधा. तो अर्धा तास डोकं खाजवत होता. त्याने चार आणि चार अशा वाटल्या, एक बाजूला ठेवली, आणि त्याला दर वेळी तिसऱ्यांदा तोलावंच लागत होतं. मी सुपात नऊ बिड्या तीन-तीनच्या तीन ढिगांत मांडल्या. दोन ढीग समोरासमोर, तिसरा बाजूला. समोरचे दोन सारखे असतील तर जड बिडी बाजूच्या ढिगात, नाहीतर जो ढीग खाली गेला त्यात. मग त्या तिघींपैकी दोन समोरासमोर. झालं. तो पाणी प्यायला उठला, जाता जाता त्याची नजर सुपावर पडली, आणि तो थांबला. मी मान वर केली नाही. तो परत खाटेवर जाऊन म्हणाला, "हाव, मले बी असंच वाटून राहिलं होतं."

त्या दिवसापासून हे सुरू झालं. तो माझ्याकडे पाहून वाचायचा नाही, पण आवाज माझ्याकडे टाकायचा. चार माणसं, एक कंदील, पुलावर एका वेळी दोघंच, आणि कंदील परत आणायला दर वेळी कोणीतरी मागे यायचं. एकाला पार जायला एक मिनिट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला दहा. तो प्रत्येकासोबत चपळ माणूस पाठवायचा आणि एकोणीस मिनिटांवर अडकायचा. उत्तर सतरा होतं. मला ते लगेच दिसलं, कारण शेतावर जेवण नेताना मी रोज तेच करत होते. गुडघे धरलेली मोठी काकी आणि नववा महिना लागलेली तिची सून, दोघींना नाल्यावरून एकदमच पुढे घालायचं, म्हणजे हळू चालण्याचा वेळ एकदाच जातो. मी लांब-आखूड चार बिड्या सुपाच्या या काठावरून त्या काठाला नेल्या. तो मान लांबवून पाहत होता. असं दोन महिने चाललं. तो वाचायचा, मी मांडायचे, तो वहीत उतरवून घ्यायचा. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. मला त्यात सुख वाटत होतं, हेही खोटं कशाला लिहू. मुन्शीच्या फाटक्या कागदावर सही करण्यापलीकडे माझ्या डोक्याला कोणी काम दिलं नव्हतं. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून अभ्यास करतोय. तसं फक्त मलाच वाटत होतं.

मग बिसेन साहेब आले. ते बाच्या दूरच्या नात्यातले, नागपुरात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बोदलकशाचा तलाव पाहायला येणार होते. बाने निरोप धाडला, जेवायला आमच्याकडेच या, पोराची थोडी परीक्षा घ्या, पटलं तर त्याचं नाव पुढे टाका. दोन दिवस घर सारवण्यात गेले. उडदाचे बडे, सुवारी, वांग्याची भाजी, आणि पाहुण्यांसाठीच राखलेल्या चिन्नोरचा भात. भात शिजताना त्याचा वास छपरीपर्यंत गेला, त्या दिवशी तंबाखू हरली. पण मुन्शी संध्याकाळी यायचाच होता, म्हणून सगळं रांधून झाल्यावर मी दारामागे सूप घेऊन बसले. माय म्हणाली, बाहेर दिसू नको. मी दिसत नव्हतेच, फक्त मांडीवरचं सूप उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं.

साहेब मोकळे होते, गोंदियाकडची माणसं बोलतात तसं हिंदी-मराठी मिसळून बोलायचे. त्यांनी गोट्यांचं कोडं घातलं, भावाने फटकन सांगितलं. पुलाचं घातलं, तेही सांगितलं. बाची छाती फुगली. साहेब म्हणाले, ये तो सब किताब का है. मग भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे पाहून त्यांनी विचारलं, घड्याळ सहाचे टोले द्यायला पाच सेकंद घेतं, तर बाराचे टोले द्यायला किती? भाऊ म्हणाला, दहा.

साहेबांनी भाताचा घास तसाच हातात धरला. "पक्का?"

मला आतून कळलं की चुकलं. सहा टोल्यांच्या मधे जागा पाच. पाच सेकंद म्हणजे एका जागेला एक. बारा टोल्यांच्या मधे अकरा जागा. हे तर बाचं कुंपण. माझे हात आपोआप चालले. मी सुपात बारा बिड्या एका रांगेत उभ्या मांडल्या आणि प्रत्येक दोघींच्या मधे तंबाखूची एकेक चिमूट टाकली. भाऊ दाराकडे पाहत होता, सवयीने. त्याने बिड्या मोजल्या. ओठ हलताना मला दिसले. चिमटी त्याला दिसल्याच नाहीत.

"बारा," तो म्हणाला.

साहेबांनी त्याची नजर पकडली आणि ते मागे वळले. आधी त्यांना सूप दिसलं, मग माझे हात. त्यांनी विचारलं, हे कोण. बा म्हणाला, पोरगी आहे, बिड्या वळते. साहेब ताटावरून थोडे वाकले आणि मला म्हणाले, "बाई, हे काऊन मांडलं?"

मी आयुष्यात परक्या पुरुषाशी बोललेले नव्हते. पण बारा चूक होतं, आणि ते माझ्या सुपातून वाचून चूक सांगितलेलं होतं. ते मला सहन झालं नाही. "टोले नाही मोजाचे," मी म्हणाले. "मधातली जागा मोजाची. अकरा."

साहेब मोठ्याने हसले. वाईट हसणं नव्हतं ते. त्यांनी विचारलं, किती शिकली. मायने आतून सांगितलं, चौथी. तेव्हा ते बाच्याकडे वळून म्हणाले, "पटलेजी, मला परीक्षा घ्यायला बोलावलं ते कोणाची?" पुढे त्यांनी नीट जेवण केलं, बड्यांचं कौतुक केलं, आणि नाव पुढे टाकण्याविषयी काही न बोलता निघून गेले.

त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तसा बा आत आला आणि त्याने सुपाला लाथ मारली. दिवसभराच्या बिड्या, तंबाखू, दोऱ्याची रिळं, सगळं अंगणातल्या खरकट्या पाण्यात गेलं. बा म्हणाला, "जन्मभर मुकी राह्यली, अना तोंड उघडलं तं आजच उघडलं का व?" माय म्हणाली, "तुले का गरज होती मधात बोलाची?" मी भावाकडे पाहिलं. तो खाटेवर बसून नखं पाहत होता. त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं की, ही मला रोज सांगते. चार शब्द. त्याला इंजिनियर केलं होतं, चार शब्द तर येत असतील. तो काही बोलला नाही. मी चिखलातून बिड्या वेचल्या. एकही कामाची राहिली नव्हती. मुन्शीने त्या दिवशी माझ्या नावापुढे शून्य लिहिलं.

बाने सूप उडवलं त्याचा राग कधीच ओसरला, त्याला तेवढंच येत होतं. भावाच्या गप्प राहण्याचा राग अजून तसाच आहे. आणि सगळ्यात जास्त राग माझा मला येतो, तो दुसऱ्या दिवशीचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बा शेतावर गेल्यावर भाऊ उंबऱ्यापाशी येऊन उकिडवा बसला. पहिल्यांदाच माझ्या इतक्या जवळ बसला. म्हणाला, "देवकन, ते टोल्याचं मले नीट समजावून सांग ना." आणि मी समजावून सांगितलं. त्याला बाडीत नेलं, कुंपण दाखवलं, खुंट मोजायला लावले, खण मोजायला लावले. काटे रोवलेली फट दाखवली. त्याला ते पटेपर्यंत मी तिथे उन्हात उभी राहिले. का सांगितलं? माझे पैसे त्या क्लासात गेले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून? की कोणीतरी पहिल्यांदा "समजावून सांग" म्हणालं होतं म्हणून? मला खरंच माहीत नाही.

तीन महिन्यांनी त्याला पुण्याला दुसऱ्याच कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत रस्त्याकडेच्या खांबांचं कोडं आलं होतं, असं तो बाला सांगत होता. खांब आणि त्यांच्यामधलं अंतर. बाने गावात पेढे वाटले, मी ते पानात बांधून दिले. पहिला पगार झाला. मग त्याला मोटारसायकल हवी होती. मग लग्न, मग घर, मग रिया. माझं लग्न सडक अर्जुनीला झालं, नवऱ्याचं हायवेवर पंक्चरचं दुकान. शिलाई मशीन मी लग्नानंतर सहा वर्षांनी घेतली, जुनी, आणि तिच्यावर ट्रकवाल्यांच्या सीटची कव्हरं शिवून दोन पोरं शिकवली. भावाला पैशांविषयी मी कधी विचारलं नाही. तोही कधी बोलला नाही. बा गेला, माय थकली. दर दिवाळीला आम्ही भेटायचो, तो साडी द्यायचा, मी ओवाळायचे.

या दिवाळीला भाऊ रियाला घेऊन गावी आला, दिवाळीनंतर भरते ती मंडईची जत्रा पाहायला. पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, कंपन्या मुलाखतीला येणार म्हणून वही घेऊन कोडी सोडवत असते. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी सगळे छपरीत बसले होते, माय, शेजारची दोन घरं, माझा नवरा, पोरं. मी आत ओवाळणीचं ताट करत होते. भाऊ रियाला सांगत होता, "एकदा एक मोठे साहेब याच छपरीत जेवायला बसले होते, त्यांनी मला घड्याळाच्या टोल्यांचं कोडं घातलं. मी काय केलं, सूप ओढलं, त्यात बारा बिड्या मांडल्या आणि म्हणालो, साहेब, टोले नका मोजू, मधली जागा मोजा. साहेब गारच झाले." लोक हसले. रियाने विचारलं, आत्या तेव्हा कुठे होती? भाऊ म्हणाला, "ती तं पाहुणा पाहून आत पळाली होती. लय लाजरी."

ताटातला दिवा माझ्या हातात होता. तो विझला नाही, एवढं मी पाहिलं.

रिया हुशार आहे. ती म्हणाली, पप्पा, पण खांब असतील तर एक कमी की एक जास्त, माझा नेहमी गोंधळ होतो. भाऊ म्हणाला, त्याचा फॉर्म्युला असतो, बघून सांगतो. मी ताट घेऊन बाहेर आले. बसले नाही, उभ्यानेच म्हणाले, "जागा माहीत असल्या तर खुंट एक जास्त. खुंट माहीत असले तर जागा एक कमी. मागे बाडीत चल, दाखवते. तुझ्या बापालेही मीच दाखवलं होतं." माय मान खाली घालून म्हणाली, "हाव. हिनंच दाखवलं होतं." पंचवीस वर्षांनी का होईना, मायने ते म्हटलं.

मग मी भावाला म्हणाले, "माझे तीन हजार सहाशे दे."

तो आधी हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. म्हणाला, अगं, एवढंच ना, दहा हजार घे, आजच भाऊबीज आहे, आणि खिशातून नोटा काढून ताटात टाकायला लागला. मी ताट मागे घेतलं. ओवाळणीत नको, मी म्हणाले, ओवाळणी तू देतोस म्हणून मिळते. हे माझे आहेत. ताट खाली ठेवलं, आतून सूप आणलं, आणि त्याच्यापुढे धरलं. दहा हजार नको. व्याज नको. तीन हजार सहाशे, मोजून.

पोरांना वाटायला म्हणून त्याने शंभराच्या नोटांचं बंडल आणलं होतं. ते त्याने उघडलं. हसतं वातावरण परत यावं म्हणून असेल, पण त्याने धान मोजल्यासारखा सूर लावला. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पहिली नोट सुपात टाकत तो म्हणाला, "लाभ." दुसरी टाकली, "एक." तिसरी, "दोन." मी ऐकत राहिले. मधे बोलले नाही. त्याचा सूर हळूहळू गेला, शेवटी नुसते आकडे उरले. छत्तीसला तो थांबला आणि त्याने हात झटकले.

मी वरची, सदतिसावी नोट उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. "लाभ हाच पहिला असते, भाऊ," मी म्हणाले. "त्याच्यामागून दोन."

आधी रियाला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. भाऊ ती नोट धरून उभा राहिला, घडी घालावी की खिशात ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं. मी सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसले आणि नोटा पुन्हा एकदा मोजल्या, लाभ, दोन, तीन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, छत्तीसपर्यंत. बरोबर होत्या. पैसे फिटले.